आदाम स्तेफान साप्येहा : क्राकूफचा राजपुत्र-बिशप

क्षितिजरेघ

पोप जॉन पॉल दुसरे सगळ्यांना माहीत आहेत. त्यांना गुरुदीक्षा (धर्मगुरूपदाची दीक्षा) देणारा, आणि त्याआधी गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, नाकासमोर स्वतःच्या निवासात ठेवून शिकवणारा बिशप मात्र पोलंडबाहेर फारसा कुणाला ठाऊक नसतो. आदाम स्तेफान साप्येहा. जन्मानं राजपुत्र, जवळजवळ चाळीस वर्षं क्राकूफचा धर्मप्रमुख, अखेरची पाच वर्षं कार्डिनल, म्हणजे पोप निवडणाऱ्या वरिष्ठ धर्मगुरूंपैकी एक. बरेच दिवस याच माणसाबद्दल मिळेल ते वाचते आहे आणि आता कुणाशी तरी बोलल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

साप्येहा हे जुन्या पोलंड-लिथुआनियाच्या संयुक्त राज्यातलं बडं घराणं. सेनापती, मंत्री, बिशप पिढ्यान्‌पिढ्या याच घरातून निघाले. अठराव्या शतकाच्या अखेरीला रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं पोलंड वाटून घेतला आणि या मंडळींचं राज्यच नाहीसं झालं. आदामचे आजोबा लेओन १८३० च्या उठावात रशियाविरुद्ध लढले. रशियाच्या हद्दीतल्या जमिनी जप्त झाल्या, तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या गॅलिशियात आले आणि क्रासिचिनचा वाडा विकत घेऊन पुन्हा उभे राहिले. वडील १८६३ च्या उठावात उतरले. लोक त्यांना ‘लाल राजपुत्र’ म्हणत. या क्रासिचिनलाच १४ मे १८६७ रोजी आदामचा जन्म झाला, भावंडांत सगळ्यात धाकटा.

हा वाडा आजही उभा आहे. चार कोपऱ्यांना चार गोल बुरूज, त्यांची नावं अनुक्रमे देवाचा, पोपचा, राजाचा आणि सरदारांचा. जगाची उतरंड कशी असावी, हे दगडातच बांधून ठेवलेलं. साप्येहांच्या घरात मुलगा जन्मला की बागेत ओकचं झाड लावायचे, मुलगी झाली की लिंडनचं. अशा घरात वाढलेल्या मुलाला आपण कोण आहोत हे कुणी वेगळं सांगावं लागत नाही.

व्हिएन्ना, लील, क्राकूफ अशा ठिकाणी कायदा शिकून झाल्यावर तो इन्सब्रुकला धर्मशास्त्राकडे वळला. १८९३ मध्ये ल्वूफचे (आज युक्रेनमधलं ल्वीव) साहाय्यक बिशप यान पुझिना यांच्या हातून त्याला गुरुदीक्षा मिळाली. हे पुझिनाही राजपुत्रच. पुढे ते क्राकूफचे बिशप आणि कार्डिनल झाले, आणि १९०३ च्या पोपनिवडणुकीत त्यांनी एक गोष्ट केली जी त्यानंतर कुणालाच करता आली नाही. कार्डिनल राम्पोला निवडून येण्याची चिन्हं दिसत होती, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा नकार पुझिनांनी भर सभेत वाचून दाखवला. राम्पोला मागे पडले, पायस दहावे पोप झाले, आणि त्यांनी लगेच राजेरजवाड्यांचा तो नकाराधिकार कायमचा मोडीत काढला.

याच पायस दहाव्यांच्या दरबारात साप्येहा काही वर्षं होता. पोलंड तीन साम्राज्यांत विभागलेला, त्यामुळे पोलिश बिशपांनी रोमला काही कळवायचं तर मध्ये तीन सरकारं आडवी यायची. पोपच्या जवळ बसलेला हा तरुण धर्मगुरू त्यांची वाट बनला. १९११ मध्ये पुझिना वारले आणि त्यांच्या जागी साप्येहाची नेमणूक झाली. १७ डिसेंबर १९११ रोजी सिस्टीन चॅपेलमध्ये पायस दहाव्यांनी स्वतः त्याला बिशपपदाची दीक्षा दिली. क्राकूफच्या बिशपांना ‘राजपुत्र-बिशप’ म्हणायची फार जुनी रीत होती, म्हणजे हा माणूस जन्मानंही राजपुत्र आणि पदानंही. ही पदवी वापरणारा तो शेवटचा.

पहिल्या महायुद्धात गॅलिशियात रशिया आणि ऑस्ट्रियाच्या फौजा आलटून पालटून गावं तुडवत होत्या. १९१५ मध्ये त्यानं बिशपच्या नावानं मदत समिती काढली. अन्न, औषधं, साथीच्या रोगांचे दवाखाने, अनाथ मुलांची सोय, सगळं त्या समितीकडे. नंतरच्या आयुष्यात तो जे जे मोठं करतो त्याची तालीम मला इथे दिसते.

१९१८ ला पोलंड स्वतंत्र झाला आणि साप्येहाचे खटके उडायला सुरुवात झाली, तेही बहुतेक आपल्याच माणसांशी. पोपचे राजदूत म्हणून वॉर्सात आकिले रात्ती नावाचे बिशप आले होते. पोलिश बिशपांच्या एका बैठकीत हा आमचा आपसातला विषय आहे, राजदूतांनी बाहेर थांबावं, अशी भूमिका साप्येहानं घेतली. १९२२ मध्ये तेच रात्ती पोप पायस अकरावे झाले. त्यांच्या सतरा वर्षांच्या कारकिर्दीत साप्येहा कार्डिनल झाला नाही, आणि त्याचं मूळ त्या बैठकीत आहे असं सर्रास मानलं जातं. १९२५ मध्ये क्राकूफ महाधर्मप्रांत झाला, तो पहिला आर्चबिशप झाला, पण लाल टोपी काही मिळाली नाही.

आता शवपेटीचं प्रकरण. मार्शल पिल्सुदस्की म्हणजे स्वतंत्र पोलंडचा कर्ताधर्ता. मे १९३५ मध्ये ते वारले आणि त्यांना वावेल टेकडीवरच्या कॅथेड्रलच्या तळघरात, पोलिश राजांच्या शेजारी ठेवलं गेलं. दर्शनाला रांगा लागल्या. त्या गर्दीत कॅथेड्रलमधली उपासना अवघड होऊन बसली. साप्येहाचं म्हणणं होतं की हे देऊळ आहे, शवपेटी टॉवरखालच्या वेगळ्या तळघरात न्या, तिथे लोकांना बाहेरूनच जाता येईल. राष्ट्राध्यक्ष मोश्चित्स्की यांनी हलवू नका म्हणून सांगितलं. जून १९३७ मध्ये एका रात्री साप्येहानं पेटी हलवली.

देश पेटला. मोर्चे निघाले, साप्येहाचे सरकारी सन्मान काढून घ्या अशी मागणी झाली, पंतप्रधान स्क्वादकोफ्स्की यांनी राजीनामा देऊ केला. मग जुलैमध्ये पत्रांची देवाणघेवाण होऊन कसंबसं मिटलं. पेटी मात्र टॉवरखालीच राहिली, आजही तिथेच आहे. त्या तळघराच्या दाराचा मंडप पाहण्यासारखा आहे: ऑस्ट्रियन तोफांचं ओतीव ब्राँझ, वॉर्सातल्या रशियन कॅथेड्रलचे खांब, पोझनानच्या बिस्मार्कच्या पुतळ्याचा दगड. तिन्ही साम्राज्यांच्या अवशेषांचं छत.

हे इतकं सविस्तर सांगितलं कारण माझं सगळं म्हणणं इथेच आहे. १९३७ चा हट्टी म्हातारा आणि १९३९ नंतरचा राष्ट्राचा आधार ही दोन माणसं नाहीत. ‘या दाराच्या आत काय होणार ते मी ठरवणार’ हे जो स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाला ऐकवतो, तोच पुढे हिटलरच्या गव्हर्नरलाही ऐकवतो. लोक पहिल्यासाठी त्याला नावं ठेवतात आणि दुसऱ्यासाठी त्याच्यापुढे हात जोडतात. मला ते एकच पाणी वाटतं.

युद्धाच्या आधी त्यानं निवृत्ती मागितली होती. वय झालेलं, तब्येत साथ देत नव्हती. तेवढ्यात सप्टेंबर १९३९ उजाडला. पोलंडचे मुख्य धर्मप्रमुख कार्डिनल ह्लोंद देशाबाहेर गेले आणि त्यांना परत येता आलं नाही. बहात्तर वर्षांचा साप्येहा न नेमता अख्ख्या पोलिश ख्रिस्तसभेचा (कॅथलिक चर्चचा) प्रमुख होऊन बसला. वावेलच्या राजवाड्यात गव्हर्नर हान्स फ्रांक राहायला आला. टेकडीच्या पायथ्याशी, चालत काही मिनिटांवर, फ्रान्चिश्कान्स्का रस्त्यावरच्या तीन नंबरच्या घरात साप्येहा. पाच वर्षं हे शेजारी.

नोव्हेंबर १९३९ मध्ये जर्मनांनी विद्यापीठातल्या १८३ जणांना भाषणाच्या निमित्तानं बोलावून पकडून नेलं. त्यांच्या सुटकेसाठी धडपडणाऱ्यांत साप्येहा होता. ऑश्विट्झ म्हणजे ओश्विएन्चिम गाव त्याच्याच धर्मप्रांतातलं. १९४० च्या नाताळला छावणीत मिस्सा (कॅथलिक उपासना) होऊ द्यावी, कैद्यांना मदत पाठवू द्यावी अशी विनंती त्यानं केली. मिस्सेला नकार आला. खाण्याची एकेक किलोची सहा हजार पाकिटं मात्र आत जाऊ दिली. सहा हजार पाकिटं बांधायला किती हात लागले असतील, त्या टंचाईत तेवढा शिधा कुठून आला असेल, याचा विचार केला की मला या माणसाचं काम कळतं.

आणि गुप्त सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा. जर्मनांनी नवे विद्यार्थी घ्यायला बंदी केली. साप्येहानं ते घेतलेच, फक्त कागदावर आणले नाहीत. कुणी कारखान्यात कामगार, कुणी एखाद्या चर्चमध्ये मदतनीस. रात्री अभ्यास, एकेकट्यानं परीक्षा. १९४२ च्या शरदात सोल्व्हे कारखान्यातला एक कामगार या यादीत आला. त्याचं नाव कारोल वॉयतिवा, म्हणजेच पुढचे जॉन पॉल.

उरलेलं प्रतिसादांत बोलू.

---

उत्तररात्र

वाखूसा (वाचनखूण साठवली). पुझिनांचा नकार आणि साप्येहाची दीक्षा एकाच धाग्यात गुंफल्याबद्दल खास आभार, हा संबंध डोक्यात आला नव्हता.

फ्रांकला काळा पाव वाढल्याची गोष्ट तुम्ही मुद्दाम गाळलीत का? पोलंडमध्ये साप्येहा म्हटलं की लोक आधी तीच सांगतात.

---

क्षितिजरेघ

@उत्तररात्र, गाळली कारण ती सांगोवांगीची आहे आणि प्रत्येक जण थोडी वेगळी सांगतो. पण सांगते. फ्रांकला आर्चबिशपकडे जेवायला यायची फार इच्छा होती. असल्या घरात बसल्यानं आपल्या राजवटीला प्रतिष्ठा येते हे त्याला कळत होतं. अखेर तो आला. उत्तम टेबल मांडलं होतं, वाढपी उभे होते, आणि चांदीच्या भांड्यांत आला काळा पाव, बीटचा मुरंबा आणि नकली कॉफी. साप्येहानं शांतपणे सांगितलं की रेशनकार्डावर एवढंच मिळतं, आणि काळ्या बाजारातून आणायला गेलो तर तुमचीच माणसं माझ्या नोकराला पकडतील.

कागदोपत्री पक्की भेट आहे ती एप्रिल १९४४ ची. रशियन फौजा जवळ येत होत्या. फ्रांकला बोल्शेविकांविरुद्ध पोलिश ख्रिस्तसभेचा पाठिंबा हवा होता. साप्येहा वावेलवर गेला, आणि पाठिंबा न देता जर्मनांच्या अत्याचारांची तक्रार मांडून परत आला. कम्युनिस्टांबद्दल त्याला तिळमात्र प्रेम नव्हतं, तरीही.

---

वसईची_वाट

फार मनापासून लिहिलंय. आमच्याकडे बिशपांना महागुरुस्वामी म्हणतात आणि घरातला मुलगा सेमिनरीत गेला की सगळं गाव त्याच्या गुरुदीक्षेच्या दिवसाची वाट बघतं, मंडप पडतो, गावजेवण होतं. त्यामुळे गुप्त सेमिनरीबद्दल वाचताना माझं लक्ष एका वेगळ्याच ठिकाणी जातं. या मुलांच्या आईवडिलांना कितपत माहीत असेल? वॉयतिवाचं तर कुणीच उरलं नव्हतं. आई लहानपणी गेली, थोरला भाऊ डॉक्टर होता तो रुग्णाकडून लागण होऊन गेला, वडील १९४१ च्या हिवाळ्यात गेले. साप्येहा त्याला बाप म्हणून मिळाला असं मला नेहमी वाटतं.

दोघांची ओळख मात्र आधीची. १९३८ मध्ये साप्येहा वॉयतिवाच्या गावी, वादोवित्सेच्या शाळेत आला होता आणि स्वागताचं भाषण या मुलानं केलं. आर्चबिशपनी शाळेतल्या फादरना विचारलं, हा सेमिनरीत येणार का? फादर म्हणाले, नाही, त्याला भाषा-साहित्य शिकायचंय. ‘वाईट वाटलं’ एवढंच ते म्हणाले. पुढे तोच मुलगा कार्मेलाइट मठात जायचं म्हणून हटून बसला तेव्हा साप्येहानं त्याला सांगितलं की जे सुरू केलंय ते आधी पुरं कर. एका वाक्यात कार्मेलाइटांचा एक साधू कमी झाला.

६ ऑगस्ट १९४४ बद्दलही लिहा ना. आमच्या फादरांनी एकदा प्रवचनात सांगितलं होतं, तेव्हापासून ते डोक्यात आहे.

१९८६ च्या फेब्रुवारीत पोप जॉन पॉल भारतात आले तेव्हा मुंबई, पुणे, गोवा झालंच, आमच्या वसईतही आले. त्या दिवशी ज्यांनी त्यांना पाहिलं त्यातल्या किती जणांना क्राकूफच्या या म्हाताऱ्याचं नाव माहीत असेल!

---

क्षितिजरेघ

@वसईची_वाट, ‘बाप म्हणून मिळाला’ हे अगदी पटलं.

वॉर्सात १ ऑगस्ट १९४४ रोजी उठाव झाला. क्राकूफमध्येही तसंच होईल या भीतीनं जर्मनांनी रविवारी ६ तारखेला शहरातले पुरुष आणि मुलगे हजारोंनी पकडले. वॉयतिवा नदीकाठच्या तिनिएत्स्का रस्त्यावर एका तळमजल्यावर राहत होता, जवळजवळ तळघरच ते. शिपाई वरचे मजले तपासून गेले, खाली उतरलेच नाहीत. तो आत प्रार्थना करत होता.

साप्येहानं लगेच सगळ्या विद्यार्थ्यांना स्वतःच्या घरी बोलावून घेतलं. वॉयतिवाला एका फादरनी गावातून चालवत आणलं. आल्या आल्या मुलांना झगे चढवले, म्हणजे कुणी धाड घातलीच तर सगळे धर्मगुरू दिसावेत. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात खाटा मांडल्या. वॉयतिवा कामावर आला नाही म्हणून कारखान्याच्या यादीत त्याचं नाव गैरहजर लागत होतं आणि शोध सुरू होण्याची भीती होती. साप्येहानं ओळखीतून ते नाव यादीतूनच काढायला लावलं. जानेवारी १९४५ मध्ये जर्मन पळेपर्यंत मुलं तिथेच राहिली.

सगळी वाचली नाहीत. वॉयतिवाबरोबर सकाळच्या मिस्सेला साप्येहाची सेवा करणारा एक मुलगा एके दिवशी आलाच नाही. गेस्टापोनं त्याला रात्री उचललं होतं, नंतर गोळ्या घातल्या. म्हणजे या सेमिनरीची किंमत काय होती हे साप्येहाला रोज सकाळी वेदीसमोर दिसत होतं, तरी त्यानं ती बंद केली नाही.

---

मोडीवाचक

लेख आवडला, पण शवपेटीच्या प्रकरणात तुम्ही साप्येहाला फार सहज सोडलंत.

वावेल हे फक्त धर्मप्रांताचं कॅथेड्रल नाही. पोलंडचे राजे तिथे पुरलेत, स्वातंत्र्यलढ्याचा सेनानी कोश्चुश्को तिथे आहे, राष्ट्रकवी मित्स्कीयेविच तिथे आहे. शंभर वर्षं देश नकाशावर नसताना लोकांनी आपलं राष्ट्र त्या तळघरांत जपून ठेवलं. अशा जागेवर ‘माझं दार’ म्हणणं कायद्यानं बरोबर असेल, न्यायानं नाही. राष्ट्राध्यक्ष विनंती करतोय, दोन आठवडे थांबला असता, बोलला असता तर काय बिघडलं असतं? रात्रीतून हलवायची काय गरज होती? पिल्सुदस्की एकेकाळी प्रोटेस्टंट झाले होते, नंतर परत आले; साप्येहाचा राजकीय कल त्यांच्या विरोधकांकडे होता. हे सगळं त्या रात्रीत नव्हतं असं मला म्हणवत नाही.

आणि ‘एकच पाणी’ या म्हणण्यात एक धोका आहे. फ्रांकसमोर न झुकणं हे धैर्य, कारण समोर फाशी होती. १९३७ मध्ये समोर काय होतं? वर्तमानपत्रांतली टीका.

---

क्षितिजरेघ

@मोडीवाचक, ‘समोर काय होतं’ हा प्रश्न बरोबर आहे आणि त्यामुळे दोन्हीची किंमत सारखी नाही, हे मान्य. पण सवय एकच होती असं मी म्हणते. १९३७ चा पोलंड काही फार मोकळा देश नव्हता. सरकार लष्करी वळणाचं, मार्शलची जवळजवळ पूजा चाललेली. सगळा देश एका दिशेला ओढत असताना एकट्यानं दुसरीकडे उभं राहायची सवय त्याला तेव्हाच होती, म्हणून १९३९ ला ती नव्यानं लावून घ्यावी लागली नाही.

राजकीय कलाबद्दल तुमचं खरं आहे. तो पिल्सुदस्कींच्या गोटातला कधीच नव्हता.

---

चिकित्सक

मला या धाग्यात एक गोष्ट खटकते आहे. ऑश्विट्झचं नाव आलं, ज्यूंचं आलं नाही. साप्येहाच्या शहरात युद्धाआधी साठ हजारांच्या आसपास ज्यू होते, लोकसंख्येच्या चतुर्थांश. त्यांचं वसतिस्थान त्याच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. त्यांच्यासाठी हा हट्टी माणूस कुठे उभा राहिला?

नोव्हेंबर १९४२ मध्ये त्यानं जर्मन सरकारला एक निषेधपत्र लिहिलं, ते वाचावं. जर्मनांनी पोलिश तरुणांना सक्तीच्या कामगार पथकांत घेतलं होतं आणि त्यांना दारू पाजून ज्यूंच्या कत्तलीच्या वेळी राबवलं जात होतं. साप्येहानं त्याबद्दल तक्रार केली. म्हणजे कत्तलीचा उल्लेख त्यात आहे, ती भयंकर आहे हेही आहे. पण पत्राचा रोख आपल्या तरुणांच्या अधःपातावर आहे. मरणाऱ्यांच्या बाजूनं उघडपणे उभं राहणारं वाक्य मला त्यात दिसत नाही.

युद्धानंतरही तेच. जुलै १९४६ ला किएल्त्सेमध्ये जमावानं चाळीसहून अधिक ज्यूंना मारलं. चेन्स्तोहोवाचे बिशप कुबिना यांनी स्वच्छ शब्दांत निषेध केला. बाकीच्या बिशपांनी एकेकट्यानं असं बोलू नये असं ठरवलं. साप्येहा तेव्हा कार्डिनल होता. त्याचा शब्द सगळ्यात जड होता.

---

क्षितिजरेघ

@चिकित्सक, हे इथे यायलाच हवं होतं, बरं झालं तुम्ही मांडलंत. किएल्त्सेबद्दल माझ्याकडे बचाव नाही आणि करायचाही नाही. कुबिना यांनी जे केलं ते साप्येहानं करायला हवं होतं असं मला वाटतं.

युद्धकाळाबद्दल मात्र थोडं वेगळं मांडते. त्याच्या धर्मप्रांतात ज्यूंना बाप्तिस्म्याचे दाखले मिळत होते, मठांमध्ये मुलं लपवली जात होती, आणि हे त्याला माहीत नसताना होणं शक्य नव्हतं. त्याची पद्धत तीच: काम करायचं, कागद ठेवायचा नाही. उघड बोलण्याबद्दल त्याचं मत काय होतं हे पोपशी झालेल्या व्यवहारातून कळतं.

फेब्रुवारी १९४२ मध्ये त्यानं पायस बाराव्यांना एक पत्र लिहिलं. आमचे जवळजवळ सगळे मानवी हक्क गेले आहेत, ज्यांच्यात माणुसकीचा लवलेश नाही अशांच्या हातात आम्ही आहोत, छावण्यांतून जिवंत परत येणारे फार थोडे, असा आशय. जखमी सैनिकांच्या रेल्वेगाडीबरोबर फिरणारे इटालियन धर्मगुरू स्कावित्सी यांच्या हाती ते दिलं. मग त्याला धास्ती वाटली की हे जर्मनांना सापडलं तर बिशपांची आणि आणखी कितीकांची हत्या होईल, आणि पत्र जाळून टाका असा निरोप त्यानं मागोमाग धाडला. स्कावित्सींनी जाळलं, पण आधी हातानं नक्कल करून घेतली. ती रोमला पोचली म्हणून आपल्याला मजकूर कळला.

उलट बाजूनं, पोपची जर्मनांविरुद्धची पत्रं क्राकूफला आली तेव्हा साप्येहानं ती लोकांपुढे वाचली नाहीत. त्यानं जुलूम आणखी वाढेल असं रोमला कळवलं. पोपचे कागद घेऊन आलेले पागानुत्सी नावाचे धर्मगुरू तर सांगत की साप्येहानं आपल्यादेखत ते शेगडीत टाकले. या आठवणीवर इतिहासकारांत वाद आहेत, पण साप्येहाच्या वागण्याशी ती जुळते.

पोपनी बोलावं की न बोलावं यावर आज खुर्चीत बसून ठाम मत देणं मला जमत नाही. पण पोपच्या मौनाची चर्चा होते तेव्हा क्राकूफहून गेलेला हा सल्ला लक्षात घ्यायला हवा.

---

चिकित्सक

किएल्त्सेबद्दल स्पष्ट बोललात, आभार. बाप्तिस्म्याचे दाखले आणि मठ हे खरं आहे. माझा आक्षेप मदतीवर नाही, आवाजावर आहे, आणि तो कायम आहे. पथकांबद्दल निषेधपत्र लिहिण्याइतका धोका तो पत्करत होता, म्हणजे लिहिता येत नव्हतं असं नाही.

---

पंचगंगातीर

आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसं, बहुतेक बायका आणि मुलं. स्वतःच्या शाळा, चर्च, नाटकं, स्काउट, सगळं. पंतप्रधान २०२४ मध्ये वॉर्साला गेले तेव्हा तिथल्या कोल्हापूरच्या स्मारकामुळे हा विषय पुन्हा बोलला गेला.

साप्येहाशी थेट संबंध नाही, पण ही माणसं कुठली होती ते बघा. पूर्व पोलंडची. १९३९ मध्ये हिटलरनं पश्चिमेकडून आणि स्टालिननं पूर्वेकडून पोलंड तोडला. स्टालिननं यांना सायबेरिया, कझाकस्तानला हाकललं. १९४१ मध्ये सुटका झाल्यावर इराणमार्गे इथे पोचले. युद्ध संपलं तेव्हा त्यांची गावं सोव्हिएत संघात गेलेली, परत जायला घरच नाही. ज्या ल्वूफच्या परिसरात साप्येहाला गुरुदीक्षा मिळाली आणि जिथल्या सेमिनरीत त्यानं काम केलं, तेही असंच गेलं. क्रासिचिन नव्या हद्दीच्या अगदी जवळ, पण पोलंडमध्ये राहिलं.

---

निशिगंध

युद्धानंतरची पाच-सहा वर्षंही लिहायला हवीत. मला त्यातला साप्येहा सगळ्यात जास्त भिडतो, कारण तोवर तो पार थकलेला आहे.

मार्च १९४५ मध्ये, बर्लिन अजून पडलेलंही नाही, तेव्हा त्यानं क्राकूफमध्ये ‘तिगोद्निक पोफ्शेखनी’ हे साप्ताहिक सुरू करून दिलं. संपादक येझी तुरोविच, तेव्हा ऐन तिशीतले. ख्रिस्तसभेचं मुखपत्र असूनही ते नुसतं धर्माचं पत्र झालं नाही. पुढची कितीतरी वर्षं कम्युनिस्ट पोलंडमधल्या मोकळ्या विचारांच्या माणसांना लिहायला हीच जागा होती.

फेब्रुवारी १९४६ मध्ये पायस बाराव्यांनी त्याला कार्डिनल केलं, वय ७८. त्याच वेळी बत्तीस जणांना लाल टोपी मिळाली, त्यात नाझींशी भांडलेले जर्मन बिशप फॉन गालेन आणि प्रायसिंग होते, हंगेरीचे मिंडसेन्टी होते. १६ ऑक्टोबर १९४६ ला न्यूरेंबर्गमध्ये हान्स फ्रांक फासावर गेला. त्यानंतर जेमतेम दोन आठवड्यांनी, १ नोव्हेंबरला, साप्येहानं आपल्या खासगी चॅपेलमध्ये कारोल वॉयतिवाला एकट्याला गुरुदीक्षा दिली, आणि लगेच पुढच्या शिक्षणासाठी रोमला रवाना केलं.

मग मिंडसेन्टींना हंगेरीत अटक झाली, १९४९ मध्ये खटला चालला आणि कोठडीतून मोडून काढलेल्या माणसाचे कबुलीजबाब जगानं ऐकले. साप्येहानं त्यातून धडा घेतला. मला अटक झाली तर त्यानंतरचं माझं बोलणं, लिहिणं आणि सही केलेले कबुलीजबाब खोटे समजावेत, अशा आशयाचं निवेदन त्यानं आधीच लिहून ठेवलं. ऐंशी ओलांडलेला माणूस आपल्या शरीराच्या मर्यादेचा इतका स्वच्छ हिशेब करतो, याला काय म्हणावं?

१९५० च्या जानेवारीत सरकारनं ‘कारितास’ ही ख्रिस्तसभेची मदत संस्था बळकावली. १९१५ पासून ज्यानं हेच काम केलं त्याला ते किती लागलं असेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोलंडचे नवे मुख्य धर्मप्रमुख विशिन्स्की आणि बिशपांनी सरकारशी करार केला. साप्येहाला त्याची खात्री वाटत नव्हती. २३ जुलै १९५१ रोजी तो गेला. दोन वर्षांनी विशिन्स्कींनाच अटक झाली.

---

क्षितिजरेघ

@निशिगंध, त्या निवेदनाबद्दल लिहिलंत हे फार चांगलं झालं. विशिन्स्कींच्या बाजूनंही एक सांगते. ते तेव्हा पन्नाशीच्या आत होते, आणि पुढची तीसेक वर्षं या राजवटीत ख्रिस्तसभा चालवायची जबाबदारी त्यांच्यावर होती. थोडा वेळ विकत घेणं त्यांना भाग होतं. साप्येहाला आता वेळ नको होता. दोघांची गणितं वेगळी होती, दोन्ही बरोबर असू शकतात.

---

पानगळ

छान धागा, उशिरा वाचला. पुढच्या वर्षी पोलंडला जायचं ठरतंय, क्राकूफ नक्की आहे. साप्येहाच्या खुणा बघायच्या तर कुठे कुठे जावं? बरोबर वयस्कर आई आहे, फार चढण नको.

---

क्षितिजरेघ

@पानगळ, जुन्या शहरात सगळं चालत होतं. फ्रान्चिश्कान्स्का ३ हे आर्चबिशपचं घर. रस्त्यावरच्या दाराच्या वरची खिडकी पोपची खिडकी म्हणून प्रसिद्ध आहे, जॉन पॉल क्राकूफला आले की तिथून तरुणांशी बोलायचे. समोरच फ्रान्सिस्कन चर्च, त्याच्याजवळ साप्येहाचा पुतळा आहे, आउगुस्त झामोयस्की या शिल्पकाराचा. १९७६ मध्ये तो बसवला तेव्हा वॉयतिवा त्याच घरात आर्चबिशप होते. पुतळा प्रार्थनेत खाली वाकलेला आहे, राजपुत्राचा रुबाब त्यात अजिबात नाही. चर्चच्या आत विस्पियान्स्की या चित्रकाराच्या रंगीत काचा आहेत, त्या चुकवू नका.

वावेलला थोडी चढण आहे, आईंना सावकाश न्या. कॅथेड्रलच्या मध्यभागी संत स्तानिस्वाफ यांची चांदीची पेटी आहे. १०७९ मध्ये राजानं मारलेले क्राकूफचे बिशप. साप्येहाला तिथेच, त्यांच्या वेदीखाली ठेवलंय. पिल्सुदस्कींचं तळघर राजांच्या तळघरांच्या वाटेवर शेवटी लागतं, पायऱ्या अरुंद आहेत. आईंना खाली उतरायचं नसेल तर मंडप बाहेरूनही दिसतो.

क्रासिचिनला जायला पूर्वेकडे प्शेमिश्लपर्यंत (Przemyśl) रेल्वे आहे, तिथून बसनं थोडं अंतर. एक दिवस हाताशी असेल तर जरूर जा, बागेतली जुनी झाडं बघायला मिळतील.